‘ह्यांच्या’ नावाने देणगी कुठे देऊ?

प्रश्न : मी कराडला राहते. वय ६४. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. हे एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, मागच्या भाद्रपदात गेले. यंदा वर्षश्राद्धाच्या आत त्यांच्या नावाने तीन लाख रुपये कुठेतरी द्यावेत असं मनात आहे. मला पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे. हे लहानपणी रयतच्या वसतिगृहात राहून शिकले. आमच्या कपाटात स्टीलचा एक डबा असायचा. पगार झाला की हे त्यात काही नोटा टाकायचे आणि कुणाची फी, कुणाचं औषध त्यातून जायचं. मी कधी हिशोब विचारला नाही. डब्यात अजून २,३४० रुपये आहेत, त्याला हात लावलेला नाही.

दीर म्हणतात, देवस्थानात कायम तिथी लावा. मुलगी म्हणते, दहा संस्थांना तीस-तीस हजार दे. मुलगा अमेरिकेत असतो, तिथलाच नागरिक झालाय, त्यालाही भर घालायची आहे. शेजारी म्हणतात, संस्थावाले सगळा पैसा पगारात घालवतात. मागच्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर एका आजारी मुलाचा फोटो आला म्हणून मी पाच हजार पाठवले. नंतर कळलं, फोटो जुना आणि भलत्याच मुलाचा होता. तेव्हापासून हात धजत नाही. घरी कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी बारावीला आहे, तिला काही द्यावंसं वाटतं, पण त्यांना कसं वाटेल म्हणून तेही राहून जातं. विश्वास ठेवण्यासारख्या चार संस्थांची नावं सांगाल का? — एक वाचक, कराड

उत्तर :

ताई, तुम्ही चार नावं मागितलीत आणि मी ती देणार नाही. राग मानू नका, कारण सांगते.

मी बँकेत नोकरीला होते, आणि एका तालुक्याच्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहाचं खजिनदारपण सतरा वर्षं सांभाळलं, बिनपगारी. पावत्या फाडल्या, ऑडिटरपुढे वह्या मांडल्या, महिनाअखेरीला किराणा दुकानदाराला ‘अजून आठ दिवस थांबा’ असंही म्हटलं. पेपरात ज्यांचं नाव येतं त्यांच्याकडे देणग्यांची रीघ लागते आणि तिथून तीस किलोमीटरवर तितक्याच जिवाने चाललेल्या कामाकडे कुणी फिरकत नाही, हे त्या काळात फार जवळून पाहिलं. मी इथे नावं छापली तर वाचणारे सगळे तिकडेच वळतील. शिवाय माझ्या शब्दावर तुम्ही चेक लिहिलात तर पैसे जातील, पण हात न धजण्याचं तुमचं दुखणं तसंच राहील. आपण जाऊन पाहिलं, चार प्रश्न विचारले आणि मग दिलं, तरच ते जातं.

म्हणून आधी त्या पाच हजारांबद्दल. ज्याने जुना फोटो फिरवला त्याने लबाडी केली. तुम्ही एका आजारी लेकरासाठी पैसे पाठवलेत, त्यात शरमण्यासारखं काहीही नाही. पुढच्या वेळी एवढंच करा, पैसे कुणा माणसाच्या खात्यावर पाठवू नका, थेट रुग्णालयाच्या खात्यावर भरा. आवाहन आलं की रुग्णालय कोणतं, वॉर्ड कोणता, रुग्णाचा नोंदणी क्रमांक काय, इतकं विचारा. गरज खरी असेल तर घरचे लोक आनंदाने सांगतात. मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. कोणता रुग्ण खरोखर अडलाय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मुंबईत केईएमसारख्या रुग्णालयांत त्यासाठी ‘पूअर बॉक्स’ नावाचा निधीच असतो.

आणि असं आवाहन करणारं कुटुंब ओळखीचं निघालं तर त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या खासगी रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली त्याची योजनाच घालून दिली आहे. पैशासाठी दारोदार फिरणाऱ्या कित्येकांना हे माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी काउंटरवर ठामपणे बोलायचा धीर नसतो. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तुमच्यासारख्या निवृत्त शिक्षिका सोबत उभ्या राहिल्या तर त्या घराला पाच हजारांहून कितीतरी मोठी मदत होईल.

आता शेजाऱ्यांचं ‘पगारात घालवतात’. हे वाक्य मी सतरा वर्षं ऐकलं आणि दर वेळी पोटात तुटलं. आमच्याकडे बेचाळीस मुली होत्या. त्यांच्यासाठी एक रेक्टरबाई, स्वयंपाकाच्या दोन मावशी आणि रात्रपाळीच्या एक मावशी. या चौघींचा पगार हाच आमचा सगळ्यात मोठा खर्च. तो वजा करा, मागे चार भिंती आणि तांदळाची पोती उरतात. पहिल्यांदा घर सोडून आलेली पाचवीतली पोर रात्री रडते, तिला जवळ कोण घेणार? तापाने फणफणलेल्या मुलीला रिक्षात घालून दवाखान्यात कोण नेणार?

पण याच पगारांसाठी देणगी मिळवणं सगळ्यात अवघड होतं. पितृपक्षात आमच्याकडे एकही दिवस रिकामा नसायचा, काही दिवशी तर दोन-दोन कुटुंबं. पुरी, बटाट्याची भाजी, शिरा किंवा खीर, सलग पंधरा दिवस. पाचव्या-सहाव्या दिवसापासून मुलींची पोटं बिघडायची. एकदा सातवीतली एक मुलगी ताट घेऊन रांगेत उभी होती. शिरा पाहून तिने मला अगदी साधेपणाने विचारलं, ‘बाई, आज कुणाचं श्राद्ध?’ त्या रात्री मला झोप लागली नाही. देणाऱ्यांच्या मनात माया होती याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण बेचाळीस मुली गोडाच्या घासाबरोबर कुणाचं तरी मरण गिळत होत्या, आणि त्याच महिन्यात मावशींचा पगार वीस तारीख उलटली तरी झालेला नव्हता.

पुढच्या वर्षी आम्ही तिथी लावायला येणाऱ्या प्रत्येक घराला विनंती केली. त्या दिवशी मुली रोजचं वरण-भात-भाजीच जेवतील, तुमची रक्कम महिन्याच्या खर्चात धरू, पावतीवर तुमच्या माणसाचं नाव लिहू. निम्मे लोक रागावून गेले, ते परत आले नाहीत. निम्मे थांबले. त्या थांबलेल्यांच्या जोरावर वसतिगृह चाललं. आणखी एक गृहस्थ होते, त्यांना मी कधीच पाहिलं नाही. अकरा वर्षं दरमहा पाचशे रुपयांची मनीऑर्डर यायची आणि कुपनावर एकच शब्द असायचा, ‘खर्चाला’. फोटो मागितला नाही, कार्यक्रमाचं निमंत्रण स्वीकारलं नाही. आमच्या थोरल्या मावशींच्या पगारातले पाचशे त्या मनीऑर्डरीचे, असं मी वहीत मनाशी धरूनच ठेवलं होतं. पाच तारखेच्या आत येणारे ते पाचशे रुपये मला दिवाळीत एकदम येणाऱ्या पंधरा हजारांहून जास्त आधार द्यायचे. खजिनदाराला मोठ्या रकमेइतकीच ठरलेल्या रकमेची गरज असते, हे बाहेरून कळत नाही.

पगारावर झालेला खर्च म्हणजेच काम असतं, हे बघायचं असेल तर गडचिरोलीकडे बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाचं वजन घेणं, त्याला ऊब देणं, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि औषध कधी द्यायचं, हे त्या शिकल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षापर्यंत या गावांतलं नवजात बाळांच्या मृत्यूचं प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटलं होतं. त्यासाठी मोठं रुग्णालय बांधावं लागलं नाही. शिकवणारी माणसं, शिकलेल्या बाया आणि त्यांच्या कामावर लक्ष ठेवणारे लोक, हेच तिथलं भांडवल. शेजाऱ्यांना हे उदाहरण नक्की सांगा.

म्हणजे खाणारे नसतातच असं मी म्हणत नाही. असतात. म्हणून पाहून द्यायचं. दान मिळालेल्या गाईचे दात घेणाऱ्याने मोजू नयेत हे ठीक, पण देणाऱ्याने मोजायला हरकत नाही.

कागदांपासून सुरुवात करा, कारण तेवढं घरबसल्या होतं. पावतीवर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद आणि जमाखर्चाचं पत्रक मागा. सनदी लेखापालाची सही असलेलं हवं. चांगली संस्था ते लगेच देते, पुष्कळदा वार्षिक अहवालातच छापते. मात्र नोंदणी हा संस्थेचा जन्मदाखला आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे. विश्वस्तांच्या यादीत एकाच आडनावाची माणसं किती आहेत ते पाहा. मुदतठेवी दरवर्षी फुगत चालल्या आहेत आणि मुलांवरचा खर्च आहे तिथेच आहे, असं दिसलं तर त्याचं कारण विचारा. कारण असू शकतं, इमारतीसाठी साठवत असतील. ते नीट सांगता आलं पाहिजे.

मग जा. आधी फोन करून, पण नारळ-हार घेऊन नको. दुपारी जा, समारंभ नसेल अशा दिवशी. स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम बघा. तुम्ही शिक्षिका आहात, वर्गात पाऊल टाकल्यावर पोरं मोकळी आहेत की धास्तावलेली, हे तुम्हाला सांगायला नको. काम करणाऱ्या बायकांशी बोला, पगार वेळेवर होतो का ते विचारा. आणि प्रमुखांना हा एक प्रश्न विचारा, मागच्या वर्षी काय जमलं नाही? आमच्याकडे आलेल्या एका आजोबांनी मला हे विचारलं होतं. मी सांगितलं, दहावीच्या आधीच दोन मुलींची लग्नं लावून दिली, आम्ही तीन वेळा त्यांच्या घरी गेलो, पण थांबवू शकलो नाही. बोलताना माझा आवाज फुटत नव्हता. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, पुढच्या वेळी थांबवायला काय लागेल? ज्या संस्थेत सगळंच छान चाललंय, काही चुकलंच नाही असं सांगतात, तिथे मी सावध होते.

अनाथ किंवा संकटातल्या मुलांच्या बालगृहात गेलात तर एक वेगळी काळजी घ्या. कुणी सहज मुलांना तुमच्यासमोर रांगेत उभं केलं, त्यांच्या आईबापांच्या कहाण्या सांगितल्या, फोटो काढू दिले, तर त्याला आपुलकी समजू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अशा संस्थांना नोंदणी बंधनकारक आहे आणि या मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. जिथे तुम्हाला दारातच थांबवतात, नाव-पत्ता लिहून घेतात, ‘मुलांना भेटता येणार नाही, मी तुम्हाला काम दाखवते’ म्हणतात, तिथे मुलं जास्त सुरक्षित आहेत. आपल्याला थोडं वाईट वाटतं, ते सोसावं.

आता कुठे, या प्रश्नाकडे येते. त्याचं अर्धं उत्तर तुमच्या पत्रातच आहे, तुमच्या यजमानांच्या शिक्षणात. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती तुमच्या कराडजवळच्या काले गावात. पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगमधल्या मुलांच्या जेवणाची तोंडमिळवणी होईना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आणि ‘मुष्टिफंड’ तर तुम्ही घरात ऐकला असेल. दळायला-कांडायला घेताना बायकांनी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते वसतिगृहाच्या मुलांसाठी जमा करायचं. कुणाची ज्वारी, कुणाची बाजरी, कुणाचे तांदूळ. देणाऱ्या बहुतेक घरांत स्वतःलाच पुरत नव्हतं. त्या मुठी रोज निघत राहिल्या म्हणून वसतिगृहं उभी राहिली. तुमच्या यजमानांनी पगाराच्या दिवशी डब्यात नोटा टाकायची सवय कुठून उचलली असेल, याचा मी अंदाज करू शकते.

रयत आज फार मोठी संस्था आहे. तिथे द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, त्यांच्या आठवणीला ते साजेसंच होईल. पण मला वाटतं, कराडहून एसटीने दीड-दोन तासांत जाऊन संध्याकाळी घरी परत येता येईल अशा अंतरावर शोधा. पाटणच्या डोंगरातल्या वाड्यांमधून दहावीनंतर शिकायला खाली उतरणाऱ्या मुली आहेत. त्यांचं शिक्षण बहुतेकदा बुद्धीमुळे अडत नाही, राहायला जागा नसल्यामुळे अडतं. दिवाळीनंतर तुमच्या भागात कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांवरची, म्हणजे झोपड्यांवरची, मुलं चार-पाच महिने शाळेबाहेर असतात. त्यांच्यासाठी साखरशाळा चालवणारे लोक आहेत, आणि मुलांना आईबापांबरोबर यावंच लागू नये म्हणून त्यांच्या गावातच हंगामी वसतिगृहं चालवली जातात. तुम्ही तीसेक वर्षं प्राथमिक शाळेत काढली असणार. हंगाम संपल्यावर वर्गात परत आलेलं मूल किती मागे पडलेलं असतं हे तुम्ही पाहिलंय. एखाद्या साखरशाळेत आठवड्यातून एक दुपार शिकवायला जाल का? पैशांआधी हे करून बघा. दोन महिन्यांत तुम्हाला त्या संस्थेबद्दल जे कळेल ते कुठल्याच अहवालात छापलेलं नसतं.

मुलीची दहा संस्थांची सूचना मात्र मला पटत नाही. तिचा हेतू चांगला आहे, एखादी वाईट निघाली तर बाकीच्या नऊ तरी बऱ्या निघतील असं तिला वाटत असणार. पण दहा ठिकाणी तुम्ही जाणार नाही, दहा ताळेबंद वाचणार नाही. दहा पावत्या येतील आणि दहा वार्षिक अहवाल पोस्टाने येत राहतील. एक घर धरा, फार तर दोन.

आणि तीन लाख एकदम देऊ नका. माणूस गेल्यावर पहिल्या वर्षात मोठ्या रकमेचे निर्णय शक्यतो घेऊ नयेत, हे मी बँकेच्या काउंटरवर बसून शिकले. तुमचा आरोग्यविमा आहे का? गुडघा, डोळे, दाताचे खर्च पुढे आहेत. त्यासाठी वेगळी पुंजी आहे ना, हे आधी मुलीबरोबर बसून बघा. आहे असं दिसलं की पाच वर्षांची आखणी करा, दरवर्षी साठ हजार. यंदा पहिले साठ हजार वर्षश्राद्धाच्या आत द्या, बाकीचे तुमच्याच नावाने मुदतठेवीत ठेवा. काम आवडलं तर पुढच्या वर्षी पुन्हा. नाही आवडलं तर जागा बदलायला तुम्ही मोकळ्या. आणि संस्थेला सांगून ठेवा की चालू राहिलं तर पाच वर्षं देईन, म्हणजे त्यांना एका बाईंचा पगार तरी निश्चिंतपणे ठरवता येईल.

पाच वर्षं का म्हणते तेही सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. बँकेतले आम्ही काही जण कपड्यांचा ट्रक भरून घेऊन गेलो. तिथे पोचलो तर रस्त्याकडेला आधीच कपड्यांचे ढीग पडलेले, पावसाने भिजलेले, बायाबापड्या त्यातून अंगाला येईल असं काही शोधत होत्या. आमचा ट्रक त्याच ढिगात रिकामा झाला. सहा महिन्यांनी त्या रस्त्याला एकही ट्रक नव्हता. त्याच भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्याला आणून त्यांच्या राहण्याची-शिकण्याची जबाबदारी घेतली. मुलाला दहावीपर्यंत न्यायचं म्हणजे एका ट्रकचं काम नव्हे, तिथे वर्षानुवर्षं पैसे लागतात. त्या प्रवासानंतर मी देणगीचं कॅलेंडर लांबवलं.

देताना पावतीवर ‘सर्वसाधारण खर्चासाठी’ असं लिहून घ्या. ‘कायम निधी’ म्हणून दिलेली रक्कम ठेवीत जाते, तिचं फक्त व्याज वापरतात. पन्नास वर्षांचं काम उभं असलेल्या संस्थेला कायम निधी लागतो, हे मान्य. पण छोट्या संस्थेचा श्वास महिन्याच्या खर्चावर चालतो. यजमानांच्या नावाची छोटी पाटी लावावीशी वाटली तर संकोच करू नका. मागून बघा, त्यांची रीत असेल तर लावतील.

दिरांनी सुचवलेल्या कायम तिथीबद्दलही हेच गणित आहे. समजा २५ हजारांची ठेव आणि सात टक्के व्याज, तर वर्षाला १,७५० रुपये होतात. आज त्यात काही पानं उठतील, पंधरा वर्षांनी किती उठतील याचा विचार करा. तरीही दिरांना दुखवू नका. त्यांचाही भाऊ गेलाय, आणि त्यांना जमेल त्या भाषेत ते दुःख सांगतायत. वर्षश्राद्धाच्या दिवशी देवळात ऐपतीप्रमाणे अन्नदान करा, ते त्यांच्या हातून होऊ द्या. आणि त्यांना गाडगेबाबांची आठवण करून द्या. बाबांनी कीर्तनं केली आणि जमलेल्या पैशातून पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा उठवल्या, वारकऱ्यांच्या डोक्यावर छप्पर आलं. त्यांच्या नावाची मुंबईत दादरला जी धर्मशाळा आहे, तिथे आज टाटा रुग्णालयात उपचारासाठी गावोगावहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. धर्म सोडा असं तुम्ही म्हणत नाही आहात, हे दिरांना त्यातून कळेल.

मुलाचं थोडं कायद्याचं आहे. तो आता अमेरिकेचा नागरिक असल्यामुळे त्याने भारतातल्या संस्थेला दिलेले पैसे परदेशी देणगी धरले जातात, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी. ते घ्यायला संस्थेकडे ‘एफसीआरए’ नोंदणी हवी आणि पैसे तिच्या स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. गावपातळीवरच्या पुष्कळ संस्थांकडे ही नोंदणी नसते. ‘आईच्या खात्यावर पाठवतो, तू तुझ्या नावाने दे’ असली वाट काढू नका. त्रास संस्थेला होईल. नोंदणी असलेल्या संस्थेला त्याने स्वतंत्रपणे द्यावं. आणि आईला हवं असेल तर त्याने दर रविवारी फोनवर साखरशाळेच्या पोरांचं ऐकून घ्यावं, तोही सहभागच आहे.

करसवलतीचं दोन ओळींत. लोक ज्याला ‘८०जी’ म्हणतात ती सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. अर्धे पैसे परत मिळतात असा अनेकांचा समज असतो, तसं नाही. ६० हजार दिलेत तर ३० हजार उत्पन्नातून वजा होतील, आणि वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर साधारण सहा हजारांनी कमी होईल. त्यालाही उत्पन्नाच्या प्रमाणात वरची मर्यादा आहे. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीला सवलत नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइनच द्या. तुमच्या पेन्शनवर कदाचित करच बसत नसेल, मग हा विचार सोडूनच द्या.

राहिला डबा. ते २,३४० रुपये कुठल्याही संस्थेला देऊ नका. इतका वेळ मी तुम्हाला पावत्या आणि ताळेबंद सांगितले, पण तुमच्या यजमानांच्या डब्याला पावती नव्हती आणि ती नसावी. तो पूर्वीच्याच जागी ठेवा आणि पेन्शन झाली की त्यात नोटा टाकत जा. मावशींच्या मुलीला पुढच्या वर्षी प्रवेश परीक्षांचे, कॉलेजच्या अर्जांचे पैसे भरावे लागतील. तिला परस्पर काही देऊ नका, तिच्या आईशी बोला. दुपारी काम आटोपल्यावर त्यांना चहाला बसवा आणि विचारा, ‘पोरीला पुढे काय करायचंय? अर्ज कधी भरायचेत?’ आणि मग सांगा, ‘ह्यांनी शिकणाऱ्या पोरांसाठी डब्यात पैसे ठेवलेत, ते मला एकटीला खर्च करता येत नाहीत.’